सरावाचे प्रश्न

सर्जेरावांनी विचारलं तेव्हा शैलाला आधी बरं वाटलं. ही गोष्ट तिला पुढे बरेच दिवस टोचत राहिली. राग नंतर आला, शंका त्याच्याही नंतर. पण सगळ्यात आधी, लिफ्टमध्ये, हातात दुधाची पिशवी असताना, तिला चक्क बरं वाटलं होतं. सर्जेराव सोसायटीचे चेअरमन. हडपसरच्या ज्या शेतात हे टॉवर उभे राहिले ते शेत त्यांच्या वडिलांचं, त्यामुळे मीटिंगमध्ये कुणी फार इंग्रजी झाडायला लागलं की ते शांतपणे सांगत, "तुमी बसलाय ना, तितं आमची हीर हुती." लिफ्टमध्ये मात्र त्यांचा आवाज मवाळ होता. "मॅडम, त्या बंगाली बोलणाऱ्या कामवाल्या हायेत ना आपल्याकडं. टीव्हीवर बघताय नव्हं, सीमेवरनं कशी मानसं घुसत्यात ते. मेंबर म्हणत्यात, समद्यास्नी गेटवरच बंद करा. म्या म्हटलं, आसं सरसकट नको, आधी नीट चौकशी करू. आन् चौकशीला तुमच्याशिवाय दुसरं कोण हाय? आमचा सार्थक म्हणायचा, अमेरिकेचा साहेब परवडला पण निमगावकर मॅडम नको." सार्थक तिचा विद्यार्थी, आता टेक्सासला असतो. शैला हसली. "रविवारी क्लबहाउसमध्येच ना?" तिने विचारलं, म्हणजे होकारच दिला. मग तिचा मजला आला आणि ती उतरली.

सदाशिव पेठेत एका दातांच्या दवाखान्याच्या वर तिचा क्लास होता. कॉलेजात इंग्रजी शिकवता शिकवता शेजारच्या एका मुलाची व्हिसाच्या मुलाखतीची तयारी करून दिली, त्याला व्हिसा मिळाला, तो पेढे घेऊन आला आणि त्या पेढ्यांतून हा क्लास निघाला. पुण्यातून तेव्हा घरटी एक मूल निघालं होतं. शैला टेबलामागे बसायची, मूल समोर उभं राहायचं, आणि ती वर न बघता म्हणायची, "पासपोर्ट." त्या एका शब्दात तिचा चेहरा बदलायचा, इंजिनियरिंगला पहिले आलेले मुलगे वडिलांचं नाव विसरायचे. तिचे दोन नियम होते. विचारलं तेवढ्याचंच उत्तर द्यायचं, पुढचं वाक्य आपणहून बोलायचं नाही. आणि कागदावर जे आहे त्याच्याशी खेळायचं नाही, नावाशी तर मुळीच नाही. शेवटचा प्रश्न ठरलेला असे, शिक्षण संपल्यावर परत येणार का? सगळे म्हणत, येणार. आईवडील इथे आहेत, घर आहे, नाती आहेत. ती मान हलवून म्हणायची, पुन्हा सांग, या वेळी खांदे ताठ ठेवून. परत कुणीच आलं नाही. पण शैला याला खोटं म्हणत नसे, सराव म्हणत असे. माणूस दारात उभा असताना जे बोलतो ते दारापुरतं असतं, असं तिचं मत होतं आणि या मतावर तिचं घर चाललं होतं.

तिची स्वतःची मुलगी, उत्कर्षा, तिकडेच होती, न्यू जर्सीत, नवऱ्याबरोबर. तिच्या व्हिसाची मुदतवाढ त्या वर्षी अडकली होती. तिकडे निवडणुका, रोज संध्याकाळी वादविवाद, आणि प्रत्येक वादात बाहेरून आलेल्यांचा विषय. "आई, पडद्यावर आमचे आकडे दाखवतात गं," उत्कर्षा फोनवर म्हणाली होती, "आणि ऑफिसात सगळे नेहमीसारखं हाय-हॅलो करतात. मला कळतच नाही, यातल्या कुणी तो आकडा बघून मान हलवली असेल." शैलाला तेव्हा त्या अख्ख्या देशाचा संताप आला होता. माझी मुलगी काय कुंपणावरून उडी मारून गेली? रीतसर गेली, दोन दोन परीक्षा देऊन गेली, त्यांची कामं करून देते आणि कर भरते. हे सगळं ती मनातल्या मनात त्या देशाला सुनावत असताना इकडच्या वाहिनीवर तोच वाद मराठीत चालू व्हायचा. घुसखोर, लोंढे, सुरक्षेचा प्रश्न. आणि ते ऐकताना, आमटीला फोडणी देत, तिची मान जराशी हलायची. हे तिने स्वतःशी कबूल केलं नव्हतं असं नाही. कुंपणं नसावीत असं तिला कधीच वाटलं नाही. दार असावं, दारात विचारणारं कुणीतरी असावं, आणि त्याने नीट विचारावं, एवढंच तिचं म्हणणं होतं. आपण नीट विचारतो याचा तिला अभिमान होता. म्हणूनच लिफ्टमध्ये तिला बरं वाटलं असणार.

त्या चौकशीत राधाही होती. राधा शैलाकडे भांडी आणि केर-फरशी करायची, त्याच टॉवरमध्ये आणखी तीन घरं करायची. बारीक, सतत घाईत, कुणी हाक मारली की आधी दचकणारी आणि मग हसणारी. ती कलकत्त्याकडची, एवढंच सोसायटीला ठाऊक होतं, आणि शैलालाही. शुक्रवारी दुपारी शैलाने तिला सांगितलं की रविवारी कमिटी प्रश्न विचारणार आहे आणि विचारणारी मीच आहे, घाबरू नकोस. राधाच्या हातातला तांब्या तसाच राहिला. "दीदी, हमको निकाल देंगे?" "नीट उत्तरं दिलीस तर कोण काढेल? बस इथे. आपण सराव करू." राधा फरशीवर बसायला लागली तेव्हा शैलाने जेवणाच्या टेबलाची खुर्ची ओढली. खुर्चीत राधा आणखी लहान दिसायला लागली. शैला समोर बसली, आणि तिच्याही नकळत तिचा क्लासातला चेहरा चढला. "नाव?" "राधा." "पूर्ण नाव?" राधा गप्प. खाली खेळणाऱ्या मुलांचा आरडाओरडा वर येत होता. "पूर्ण नाव," शैला पुन्हा म्हणाली, कारण गप्प बसणाऱ्या उमेदवाराला सूट द्यायची नसते. मग राधाने ओढणीच्या टोकाला गाठ मारत सांगितलं, मर्जिना. मर्जिना बीबी. पहिलं काम लावून देणाऱ्या बाईनेच सांगितलं होतं, इधर राधा बोलना, जल्दी काम मिलेगा. मिळालं. मग तेच राहिलं. कार्डावर मर्जिनाच आहे.

शैला उडाली नाही. उलट तिला हायसं वाटलं. असल्या चुका तिने शेकडो निस्तरल्या होत्या. कुणाच्या दाखल्यावर एक नाव, पासपोर्टवर दुसरं. "मग मर्जिनाच सांगायचं," ती म्हणाली. "कार्डावर जे आहे तेच. विचारलं की लगेच, नजर खाली न घालता. नाव लपवलंस आणि ते नंतर निघालं तर सगळंच खोटं ठरतं. समजलं?" मर्जिनाने मान हलवली. गाव? मुर्शिदाबाद जिल्हा, सीमेवरच्या नदीच्या काठी. "नदीच्या अलीकडे की पलीकडे?" मर्जिना गोंधळली. पहिलं घर होतं तिथे आता पाणी आहे, ती म्हणाली, नदी आत आत येत गेली, मग मागे सरकलो, मग परत नदी आली. कुठल्या काठाची जमीन कुठे गेली ते अब्बांना ठाऊक होतं, अब्बा गेले. ही आहे तरी कुठली, हे शैलाला कळलं नाही. आणि विचारून कळण्यासारखं ते नव्हतं, हेही तिला दिसलं. पण सराव पुढे न्यायचा होता. "नदीचं काही बोलू नकोस," ती म्हणाली. "जिल्हा सांग आणि थांब." मर्जिना चांगली उमेदवार निघाली. खांदे ताठ कर म्हटलं की करायची, आवाज वाढव म्हटलं की वाढवायची. जाताना ती हसली, न दचकता. शैलाला आपल्या कामाबद्दल जे समाधान वाटायचं ते त्या दुपारीही वाटलं.

शनिवारी क्लास संपवून ती पेठेतून बसने घरी येत होती. खिडकीशी जागा मिळाली होती, स्वारगेटला बस थांबून राहिली होती, आणि एकाएकी तिला जुन्या घरमालकीण सुशीलाबाईंचा आवाज ऐकू आला. शैला कॉलेजात लागली तेव्हा खोली शोधत त्याच पेठेत फिरत होती, चाळीसेक वर्षांपूर्वी. सुशीलाबाई दारात उभ्या राहून अत्यंत आदराने विचारत, "आपण कुठल्या?" घर कुठलं, आडनाव काय, निमगाव म्हणजे कुठलं निमगाव, मामांचं आडनाव काय, घरी देव कुठले. एकही प्रश्न उद्धट नाही, एकही जातीचा नाही. तिचे वडील पोस्टात होते. छप्पन्न साली नागपूरला जाऊन आले ते नवा धम्म घेऊन आणि जुनं आडनाव टाकून; गावाच्या नावापुढे कर लावला. त्यांनी तिला पुण्याला पाठवताना सांगितलं होतं, "खोटं बोलू नये. पण विचारलं तेवढ्याचंच उत्तर द्यावं." तर सुशीलाबाई म्हणाल्या, "निमगावकर म्हणजे आमच्यातलेच की काय?" आणि शैला नुसती हसली. खोली मिळाली. दोन वर्षं ती तिथे राहिली, दोन वर्षं डब्यात काय आणायचं, कुणाचा फोटो भिंतीवर लावायचा नाही, याचा विचार करत. सुशीलाबाई तिला कोजागिरीला मसाल्याचं दूध द्यायच्या आणि मायाही करायच्या, हे त्यातलं सगळ्यात अवघड होतं. बस हलली तेव्हा शैलाच्या ध्यानात आलं. जो नियम ती अमेरिकेचा म्हणून मुलांना शिकवत आली तो तर वडिलांचा होता. मग नावाच्या बाबतीत मर्जिनाला तिने तो का नाही सांगितला? हिने नुसतं हसावं, असं आपल्याला का सुचलं नाही? आता कशाला कुणी नावावर जाईल, हा टॉवर आहे, शिकलेले लोक आहेत, असं काहीतरी आपण धरून चाललो होतो. स्वतःच्या बैठकीत तिने बुद्धाची मूर्ती ठेवली होती, पण सोसायटीत निम्म्या घरांत मॉलमधून आणलेलं बुद्धाचं डोकं होतं. येणारे म्हणायचे, "किती पीसफुल," आणि ती चहा टाकायला उठायची. इतक्या वर्षांत कुणी विचारलं नव्हतं, आणि तिने सांगितलं नव्हतं. घरी पोचल्यावर तिने मर्जिनाला फोन लावला, उद्या राधाच सांग म्हणायला. फोन बंद होता.

रविवारी क्लबहाउसमध्ये कॅरमचं टेबल भिंतीला सरकवून चार खुर्च्या मांडल्या होत्या. सर्जेराव, शैला, आणि कमिटीची तरुण मेंबर कल्याणी, जी एका आयटी कंपनीत मॅनेजर होती आणि जिचं बाळ मर्जिना फरशी पुसता पुसता खेळवायची. बोलावलेल्या बायकांपैकी बाकीच्या कुणी आल्याच नाहीत. त्यांच्या वस्तीत कालच कुलपं लागली, असं वॉचमन रंगराव सांगत होता. मर्जिना एकटी आली, इस्त्रीची साडी नेसून. सराव झाला होता ना. शैलाने तिच्याकडे बघून डोळ्यांनी काहीतरी सांगायचा प्रयत्न केला, पण मर्जिनाला वाटलं ती धीर देतेय. शैलाने पहिला प्रश्न गावापासून काढला, मग किती माणसं घरात, मग काम कधीपासून. ती नावाला बगल देत होती. मर्जिना छान उत्तरं देत होती, नजर वर, आवाज मोठा. कल्याणी पेनाचं टोपण उघडमीट करत म्हणाली, "मॅम, फुल नेम राहिलं ना. तेवढं कन्फर्म करू या." आणि शैलाने विचारायच्या आत मर्जिना खांदे ताठ करून म्हणाली, "मेरा नाम मर्जिना बीबी."

कल्याणीच्या हातातलं पेन खाली पडलं. "वेट. म्हणजे इतकी वर्षं ही आपल्याला खोटं नाव सांगत होती? माझं बाळ हिच्याकडे असायचं." तिचा आवाज चिरकला, ती काही दुष्ट नव्हती, ती खरोखर घाबरली होती, आणि शैलाला ती भीती समजत होती, म्हणून आणखीच वाईट वाटत होतं. मर्जिना एकाकडून दुसऱ्याकडे बघत होती. उत्तर बरोबर दिलं होतं, मग हे सगळे असे का झाले, हे तिला कळत नव्हतं. ती शैलाकडे बघायला लागली, जशी क्लासातली मुलं बघत, चुकलं का म्हणून. सर्जेरावांनी घसा साफ केला. "मॅडम, तुमच्याकडं बी काम करती ही. तुमाला ठावं हुतं का हिचं नाव?" शैलाला दोन्ही उत्तरं दिसत होती. नाही म्हटलं तर ती स्वतः सुटत होती, आणि मर्जिनाचं नाव उद्या पोलीस चौकीवर जात होतं. परवा कळलं म्हटलं तर ते खरं होतं, आणि त्याने कुणाचंच काही भलं होत नव्हतं. ती सर्जेरावांच्या डोळ्यांत बघून म्हणाली, "ठाऊक होतं. पहिल्या दिवसापासून. राधा हे नाव मीच दिलं तिला." शेवटचं वाक्य कुणी विचारलं नव्हतं. आयुष्यभर जे बोलू नका म्हणून सांगितलं ते वाक्य तिच्या तोंडून आपोआप बाहेर आलं होतं. "का वो?" सर्जेराव म्हणाले. "नाहीतर तुम्ही ठेवलं असतं का तिला?" शैलाने विचारलं.

सर्जेराव तिच्याकडे नव्याने बघत होते, डोळे बारीक करून, एखाद्या बांधाचा दगड हलल्याची शंका आल्यासारखे. मग अगदी सहज म्हणाले, "निमगाव कंचं म्हणायचं मॅडम तुमचं? निमगावं लई हायेत." प्रश्न पुन्हा जातीचा नव्हता. शैलाला हसू आलं, खरंच आलं. नुसतं हसून भागलं असतं. तिला ते येत होतं. तिने गावाचा तालुका सांगितला. मग म्हणाली, "घर वेशीच्या बाहेर होतं, सर्जेराव. आम्ही बौद्ध." कल्याणी घाईघाईने म्हणाली, "मॅम, त्याचा इथे काय संबंध? वी डोन्ट बिलीव्ह इन ऑल दॅट." सर्जेराव मात्र खाली बघत होते. "म्या तसं इचारलं नव्हतं," ते म्हणाले, आणि त्यांचे कान लाल झाले होते. बोलल्यावर मोकळं वाटेल असं शैलाला वाटलं होतं. तसं काही झालं नाही. उलट आपण हे आत्ता, या बाईच्या आड उभं राहून का सांगितलं, असं तिच्या मनात आलं आणि तिला स्वतःची थोडी लाज वाटली. शेवटी सर्जेरावांनी निकाल दिला. मॅडमच्या शब्दावर चौकीला नाव देत नाही. पण कामाचा पास बंद; मेंबर ऐकायचे नाहीत, आपला इलाज नाही. मर्जिनाला एवढंच कळलं की कुणी तिला ओरडत नाहीये. गेटपर्यंत शैला तिच्याबरोबर गेली आणि म्हणाली, उद्या ये, नेहमीच्या वेळी. "पास, दीदी?" "तू ये."

सोमवारी सकाळी इंटरकॉम वाजला. रंगरावचा आवाज अवघडलेला होता. "मॅडम, ती राधा आलीय. पास तर बंद केलाय. काय करू?" शैला रात्रभर हाच विचार करत होती असं नाही, आयत्या वेळीच तिच्या डोक्यात आलं. दारं कामाला आलेल्यांना वेगळी असतात आणि भेटायला आलेल्यांना वेगळी, हे तिच्याइतकं कुणाला माहीत? "राधा नाही," ती म्हणाली. "मर्जिना बीबी. माझ्याकडे पाहुण्या आल्यात. पाहुण्यांना पास लागत नाही ना?" "न्हाई लागत," तो म्हणाला. "सोडतो." शैला दारात उभी राहिली. मर्जिना सवयीने जिन्याने वर आली होती, धापा टाकत. आत येताच ती स्वयंपाकघराकडे वळली, तेव्हा शैलाने तिचा दंड धरला. "आज नाही. आज तू पाहुणी आहेस. बस." तिने तिला सोफ्यावर बसवलं, पाणी दिलं, चहा दिला, बशीत बिस्किटं दिली. मर्जिना सोफ्याच्या अगदी कडेला बसली आणि कप दोन्ही हातांत धरून सिंककडे बघत राहिली, जिथे कालची भांडी पडली होती.

शैला ती घासायला लागली. उत्कर्षाचं बाळंतपण झालं तेव्हा ती न्यू जर्सीला सहा महिने अशीच होती. विमानतळावर अधिकाऱ्याने विचारलं होतं, इथे काम करणार का? तिने सांगितलं होतं, छे, मुलीला भेटायला आलेय. आणि दुसऱ्या दिवसापासून बाळाची अंघोळ, धुणं, दोन वेळचा स्वयंपाक, सगळं केलं होतं. कुणी पकडलं नाही, उलट सगळे म्हणाले, आई आली म्हणून निभावलं. कढईचा जळका भाग निघत नव्हता. मागे मर्जिना उठल्याचा आवाज झाला. ती शेजारी येऊन उभी राहिली आणि खळबळून ठेवलेली ताटं पुसायला लागली. शैला म्हणाली, बस ना. "बैठ के क्या करूँ?" मर्जिना म्हणाली. मग तिने बाकीच्या तीन घरांचं काय, ते विचारलं. तीन दारांवर तिला कुणी पाहुणी म्हणणार नव्हतं. शैला कढई घासत राहिली. मर्जिनाने एक ताट फळीवर उभं केलं, दुसरं हातात घेतलं, आणि ते पुसत, टोमणा नाही, तक्रार नाही, खरोखर जाणून घ्यायचं म्हणून विचारलं, "दीदी, मेहमान को पगार कौन देता है?"

शैलाने नळ बंद केला. "मला माहीत नाही," ती म्हणाली.